पाटलांमधला ‘ई’ कुठे गेला?

हिंगोलीकडची लग्नपत्रिका हाती आली की मी मुहूर्ताआधी नावं वाचतो. वर ‘श्री नागनाथ प्रसन्न’, मधोमध वधू-वर आणि खाली निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक यांची लांबच लांब रांग. त्या रांगेत आमच्या भागाची एक खूण हमखास सापडते. एकेका माणसाला दोन-दोन आडनावं! कुणी पाटील गोरेगावकर, कुणी देशमुख कडोळीकर, कुणी कदम कोहळीकर. लांबून आलेल्या पाहुण्याला वाटतं, छापखान्यात दोन माणसं एकत्र झाली असावीत. इथल्या माणसाला मात्र त्या दोन शब्दांत सगळा पत्ता लागतो. पहिल्यातून घराणं कळतं, दुसऱ्यातून गाव.

याचं कारण अगदी साधं आहे. पाटील गावोगाव आहेत. पंगतीत उभं राहून ‘अहो पाटील’ अशी हाक दिली तर अर्धी पंगत मान वर करील. म्हणून पाटलांच्या मागे गाव येऊन बसलं. हिंगोलीच्या सार्वजनिक जीवनातली नावं पाहा. माजी आमदार भाऊराव पाटील गोरेगावकर, वसमतचे जयप्रकाश साळुंके दांडेगावकर, २०२४ साली हिंगोलीतून लोकसभेवर गेलेले नागेश बापूराव पाटील आष्टीकर. हे शेवटचं नाव जरा सुटं करून बघा. नागेश हे स्वतःचं, बापूराव वडिलांचं, पाटील ही पूर्वजांची गावातली जबाबदारी आणि आष्टीकर म्हणजे गाव. माणूस, बाप, काम आणि माती, चार शब्दांत चारही आले. निवडणुकीच्या इंग्रजी यादीत हेच नाव ‘आष्टीकर पाटील नागेश बापूराव’ असं उलटं चालत येतं. माणूस तोच, पण भाषा बदलली की गाव शेवटच्या जागेवरून उठून पहिल्या जागी बसतं.

मला इथेच कुतूहल लागलं. एका भाषेतलं आडनाव दुसऱ्या भाषेच्या वाक्यात शिरतं तेव्हा त्याचं काय होतं? ते जसंच्या तसं राहतं का? त्याचा अर्थ उलगडतो की हरवतो? शोधत शोधत मी हिंगोलीहून थेट नॉर्वेला पोचलो, तिथून चेक भाषेत डोकावलो आणि शेवटी पुन्हा हिंगोलीजवळच्याच एका गावात आलो.

नॉर्वेतले गावकर

नमुन्यादाखल एक नॉर्वेजियन नाव घेऊ, ओले ओल्सेन बर्ग. ओले हे स्वतःचं नाव. ओल्सेन म्हणजे ओलेचा मुलगा, कारण तिकडे ‘सेन’ म्हणजे पुत्र. बर्ग हे शेतवाडीचं नाव, अर्थ डोंगर. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, जागेचं नाव. आपल्या शाळेच्या हजेरीपटावरचीच मांडणी! ओलेची बहीण असेल तर ती ओल्सेन नव्हे, ओल्सदातेर, म्हणजे ओलेची लेक. यातली खरी गंमत पुढे आहे. ओले बर्ग वाडी सोडून दुसऱ्या वाडीत राहायला गेला की त्याचं शेवटचं नाव बदलायचं. कारण ते आडनाव नव्हतंच, तो पत्ता होता.

सरकारी दप्तरांना अशी बदलती नावं सोसत नाहीत. डेन्मार्कने १८२८ मध्ये मुलांना कायमचं कुलनाम द्यायचा हुकूम काढला, स्वीडनने १९०१ मध्ये आणि नॉर्वेने १९२३ मध्ये नावांचे कायदे केले. पत्ता गोठला आणि त्याचं आडनाव झालं. एकटं आइसलँड जुन्या रीतीला धरून राहिलं. तिथे आजही बहुतेकांच्या नावापुढे बापाचं, क्वचित आईचं नाव येतं. १९८० मध्ये तिथे राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या विग्दिस फिन्बोगादोत्तिर या जगात लोकांनी निवडून दिलेल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. त्यांच्या नावाचा उत्तरार्ध फोडला तर अर्थ निघतो, फिन्बोगीची लेक.

आता दोन कलावंत शेजारी उभे करून पाहू. नॉर्वेत १८५९ साली जन्मलेला क्नुद पेदेर्सेन लहानाचा मोठा झाला तो हामसुंद नावाच्या शेतवाडीवर. लिहायला लागल्यावर त्याने वाडीचं नाव स्वतःला लावलं. पुढे छापखान्यातल्या एका चुकीने शेवटचा ‘द’ गळला. लेखकाने ती चूक तशीच ठेवली आणि १९२० चं साहित्याचं नोबेल मिळालं ते क्नुत हामसुन या नावाला. इकडे गोव्यातल्या मंगेशीचे दीनानाथ रंगभूमीवर आले ते मंगेशकर होऊन. घराण्याचं आडनाव बाजूला ठेवून त्यांनी गावाचं नाव धारण केलं आणि त्यांच्या मुलांनी ते जगभर नेलं. हामसुन आणि मंगेशकर यांनी एकमेकांच्या गावाचं नावही ऐकलं नसेल. पण आपल्या जागेचं नाव अंगावर पांघरून जगापुढे उभं राहायचं, हे दोघांनाही सारखंच सुचलं.

नॉर्वेच्या माणसाला शेतवाडीचं नाव जसंच्या तसं चालतं. मराठीला मात्र मधे ‘कर’ लागतो, आणि हा कर जोडतानाही मराठीचा कान केवढा जागा असतो! आष्टीचा आष्टीकर सरळ होतो. औंढ्याचा माणूस औंढाकर होत नाही, औंढेकर होतो. साताऱ्याचा मात्र सातारेकर होत नाही, त्याचा शेवटचा ‘आ’च उडून सातारकर होतो. हे नियम पाठ करून कुणी बोलत नाही. आईच्या दुधाबरोबर आलेले असावेत तसे ते जिभेवर असतात.

ब्यर्नसन मुंबईत येतो

नॉर्वेजियन आडनावाची आणि मराठीची गाठ पडल्याचा एक ठसठशीत प्रसंग आपल्या नाट्येतिहासात नोंदलेला आहे. १ जुलै १९३३ रोजी मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगमंचावर आणलं. लेखक श्री. वि. वर्तक. मराठी रंगभूमीला नवं वळण देणारं नाटक म्हणून आज त्याचं नाव घेतलं जातं. त्याचं बीज मात्र नॉर्वेतलं होतं. ब्यर्नस्त्येर्ने ब्यर्नसन यांच्या १८८३ च्या नाटकाचं हे रूपांतर. मूळ नाटकाच्या नावाचा अर्थ ‘एक हातमोजा’. ब्यर्नसन हे १९०३ च्या साहित्याच्या नोबेलचे मानकरी आणि नॉर्वेच्या राष्ट्रगीताचे कवी.

हे नाटक नॉर्वेहून मुंबईला आलं ते इंग्रजीच्या वाटेने, आणि त्या वाटेवर लेखकाच्या आडनावातलं एक अक्षर बदललं. ब्यर्नसनमध्ये एक स्वर आहे, जो नॉर्वेत ‘ओ’वर तिरकी रेघ मारून लिहितात. ओठ ‘ओ’ म्हणायला गोल करा आणि तसेच गोल ठेवून जिभेने ‘ए’ म्हणा. जो काही अनोळखी आवाज निघेल तो हाच. इंग्रजीत ही रेघ पुसली जाते आणि साधा ‘ओ’ उरतो. म्हणून आपल्याकडे कुणी ब्यर्नसन लिहितं, कुणी ब्योर्नसन, कुणी ब्यॉर्नसन. एका रेघेने तीन वाटा पाडल्या. अर्थ तर कोणालाच दिसला नाही. ‘ब्यर्न’ म्हणजे अस्वल, तेव्हा हे आडनाव मुळात ‘अस्वलपुत्र’!

आता वाहतूक उलट्या दिशेने वळवू. ते नाटक करणारी माणसं कोण होती? केशवराव दाते, के. नारायण काळे, अनंत काणेकर, पार्श्वनाथ आळतेकर, ज्योत्स्नाबाई भोळे. ही आडनावं रोमन लिपीत लिहून पाहा. दाते म्हणजे डी-ए-टी-ई. इंग्रज माणूस ते ‘डेट’ वाचणार, म्हणजे तारीख. काळे म्हणजे के-ए-एल-ई, त्याच्या लेखी ‘केल’, एक पालेभाजी. मोरे होतो ‘मोर’, म्हणजे अधिक, साने होतो ‘सेन’, म्हणजे शहाणा, आणि माने होतो ‘मेन’, म्हणजे घोड्याची आयाळ. आपण शेवटचा ‘ए’ उच्चारण्यासाठी लिहिला, इंग्रजी वाचकाला मात्र तो गप्प बसवण्याची सवय आहे. त्यामुळे इंग्रजी मजकूर यंत्राकडून मराठीत आणवला तर मोरे आडनावाचे गृहस्थ वाक्यात ‘अधिक’ होऊन अवतरण्याची धास्ती असते. इंग्रजीकडे जाताना अर्थ गेला, परत येताना भलताच घेऊन आला.

आडनावाचं भाषांतर करायचंच का, हा प्रश्न जगभरच्या अनुवादकांपुढे आहे आणि त्यांनी त्यावर एक सुंदर तोड काढली आहे. स्वीडिश लेखिका आस्त्रिद लिंडग्रेन यांच्या आडनावात लिंडन झाडाची फांदी आहे. तरी कुठल्याही देशात त्यांना ‘फांदीबाई’ म्हणत नाहीत. पण त्यांनी १९४५ मध्ये निर्माण केलेल्या खोडकर पिप्पीचं आडनाव लोंगस्त्रुंप आहे, म्हणजे लांब मोजा. ते मात्र इंग्रजीत ‘लाँगस्टॉकिंग’ झालं, चेक भाषेतही त्याचा तसाच लांब मोजा झाला. जिवंत माणसाच्या आडनावाचा आवाज सांभाळायचा आणि गोष्टीतल्या माणसाच्या आडनावाचा अर्थ सांभाळायचा, अशी ही तोड आहे. आपणही तेच करतो. काळ्यांना कुणी ‘ब्लॅक’ म्हणत नाही. जिवंत माणूस हाकेला ओ देतो ती आवाज ओळखून.

‘ळ’ची वाट

आवाज तरी पूर्ण सांभाळला जातो का? नॉर्वेजियन नावाला तिरक्या रेघेचा ‘ओ’ तसा मराठी आडनावाला ‘ळ’. जीभ मागे वळवून टाळूवरून फटकन खाली आणायची. काळे, भोळे, टिळक, साबळे, आळतेकर, कडोळीकर. या सगळ्यांचा प्राण त्या एका फटक्यात आहे.

हिंगोली १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. संस्थानाच्या दप्तरात उर्दूचा अंमल होता. उर्दू लिपीत ‘ळ’ला स्वतंत्र अक्षर नाही, ‘ण’लाही नाही. तिथे ‘ल’साठी लाम आहे, त्यातच ‘ळ’ भागवायचा. तेव्हा त्या दप्तरात काळे आणि काले दिसायला एक, कळमनुरी आणि कलमनुरी एक. लिहिणाऱ्या मुन्शीला फरक दिसला नाही, तरी हाक मारणाऱ्या आईच्या तोंडी ‘ळ’ तसाच राहिला. पिढ्यान्‌पिढ्या कागदावर एक आणि जिभेवर एक अशी दोन आडनावं घेऊन आमची माणसं जगली आणि त्यांतलं जिभेवरचंच टिकलं.

हिंदीतही प्रमाण लेखनात ‘ळ’ नसतो. भोळे तिथे ‘भोले’ होतात. लोकमान्यांचं काय झालं पाहा. टिळक उत्तरेत ‘तिलक’ झाले. ‘ळ’चा ‘ल’ झाला तो लिपीमुळे. ‘ट’चा ‘त’ झाला त्याचं कारण बहुधा इंग्रजी टी हे अक्षर. ते दोन्ही वाचता येतं, आणि हिंदी वाचकाने आपल्या ओळखीचा कपाळावरचा तिलक वाचला. दक्षिणेकडे वळलं तर चित्र उलटं दिसतं. तेलुगू, कन्नड, तमिळ, मल्याळम या चारही भाषांत ‘ळ’ राजरोस नांदतो, पश्चिमेला गुजरातीतही नांदतो. पण तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. तंजावरला गेलेल्या मराठी घराण्याच्या आडनावातला ‘ळ’ तमिळने जपला असेल, पण घोरपड्यांचा ‘घ’ मात्र त्या एका अक्षरात विरघळतो. प्रत्येक भाषा पाहुण्याच्या सामानातलं काहीतरी दारातच ठेवायला लावते. कुठे ‘ळ’ ठेवावा लागतो, कुठे ‘घ’, कुठे ‘ओ’वरची रेघ.

कधी कधी दारात ठेवलेलं सामान परत मिळतही नाही. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे शिंदे ग्वाल्हेरला गेले. हिंदुस्तानीत आणि इंग्रजीत ते ‘सिंधिया’ झाले. आज त्याच घराण्यातल्या व्यक्तीची बातमी मराठीत येते तेव्हा कुठे ‘शिंदे’ छापतात, कुठे ‘सिंधिया’. मराठीतून निघालेला शब्द परक्या वेशात मराठीच्या दारात उभा राहतो आणि आपल्याला क्षणभर विचार करावा लागतो की याला घरचं म्हणावं की पाहुणा.

पाटील, पण पाटलांनी

आता लिपी बाजूला ठेवून वाक्यात शिरू. इथेच मराठीचं आणि चेक भाषेचं विलक्षण नातं दिसतं, जरी दोघींना एकमेकींची खबर नसली तरी.

चेक भाषेत सात विभक्ती आहेत आणि आडनाव देशी असो की परदेशी, त्याला वाक्यात वळावंच लागतं. नॉर्वेचा इब्सेन चेक वाक्यात कर्ता असला तर इब्सेन, कर्म झाला की इब्सेना, त्याला काही द्यायचं असलं की इब्सेनोवी. डेन्मार्कच्या अँडरसनच्या परीकथा म्हणायच्या तर ‘अँडरसन’ला शेपटी लागून एकच शब्द होतो, ‘अँडरसेनोवी’. आपणही ‘अँडरसनच्या’ एका शब्दात म्हणतो ना? इंग्रजीत मधे स्वल्पविरामासारखी खूण टांगून नाव आणि शेपटी वेगळी ठेवतात. मराठी आणि चेक मात्र नावात शेपटी विणून टाकतात.

बाईचं आडनाव असेल तर चेक भाषा आणखी पुढे जाते आणि शेवटी ‘ओवा’ जोडते. त्यामुळे आस्त्रिद लिंडग्रेन चेक पुस्तकांच्या मुखपृष्ठावर ‘लिंडग्रेनोवा’ होऊन येतात. फिन्बोगादोत्तिर यांना ‘ओवा’ लावला तर ‘फिन्बोगीची लेक’ असलेल्या बाईला पुन्हा एकदा बाई म्हटल्यासारखं होईल. नावात ‘लेक’ आधीच आहे. चेक स्त्रियांना आपल्या आडनावातला ‘ओवा’ हवा की नको ते मुक्तपणे ठरवता येतं ते १ जानेवारी २०२२ पासून. हे वाचताना मला आमच्या आजीच्या पिढीचं बोलणं आठवलं. पाटलीण, देशमुखीण, कुलकर्णीण, जोशीणबाई. आपल्याकडेही आडनावाला बाईपण जोडणारा प्रत्यय होता. तो कायद्याने नव्हे, बोलण्याच्या रीतीने आला आणि तसाच हळूहळू मागे सरकला. आज ‘पाटीलबाई’ आणि ‘देशमुख मॅडम’ ऐकू येतात.

आता मराठीचं खरं कसब. काळे आले, काळ्यांनी सांगितलं. शिंदे आले, शिंद्यांचा वाडा. कुलकर्णी आले, कुलकर्ण्यांना विचारा. गोडबोल्यांकडे जेवायला जा. प्रत्यय लागण्याआधी शब्द आपलं शेवटचं टोक वळवून घेतो. शाळेत याला सामान्यरूप म्हणतात. खांद्यावर ओझं घेण्याआधी माणूस थोडा वाकतो, तसाच हा प्रकार. आणि एका माणसाला अनेकवचनात घेणं हा आदर. देशमुख एकटे असले तरी ‘देशमुखांनी’.

आणि पाटील? पाटील आले, पण ‘पाटीलांनी’ नव्हे, पाटलांनी सांगितलं. मधला ‘ई’ गेला कुठे?

शोध घेतला की भावंडं सापडतात. माणूस, पण माणसांनी. कापूस, पण कापसाची वेचणी. लाकूड, पण लाकडाची मोळी. शेवटून दुसऱ्या जागी असलेला दीर्घ ‘ई’ किंवा ‘ऊ’ ओझं आल्यावर विरून जातो. आता वकील घ्या. वकील, वकिलांनी. फकीर, फकिरांना. वजीर, वजिराचं. इथे ‘ई’ आखडून ‘इ’ झाला, पण जागेवर राहिला. फरक का? वकील, फकीर, वजीर हे अरबी-फारसीच्या वाटेने आलेले शब्द. मराठीने त्यांना घरात घेतलं, पण त्यांच्या हाडाला हात लावला नाही. पाटील मात्र माणूस आणि कापूस यांच्या पंगतीत बसतो. त्याचा ‘ई’ नाहीसा होणं हाच तो इथल्या मातीत किती खोल मुरला आहे याचा पुरावा. हिंगोलीतल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, व्याकरणाचं पुस्तक न उघडता तो ‘पाटलांनी’ आणि ‘वकिलांनी’ असंच म्हणेल. कुणी न शिकवलेला हा भेद त्याच्या कानाला कळतो, याचं मला आजही नवल वाटतं.

मोरे हे आडनाव तर मराठीच्या एका खास खुणेसाठीच जन्मलं असावं. मोरे, मोऱ्यांनी. इथे ‘र’ला पापणीसारखी आडवी खूण लागते. हिंदीला तिची गरज पडत नाही, मराठीला ती अत्यावश्यक आहे. नाहीतर दऱ्या आणि दर्या यांत, म्हणजे डोंगरांमधल्या घळी आणि समुद्र यांत, फरक कसा राहील? एका आडनावाला प्रत्यय लावायचा म्हणून भाषा लिपीत वेगळं चिन्ह बाळगते, ही केवढी निगुतीची गोष्ट!

परक्या नावांना मात्र मराठी असं वळवत नाही. देवाचा, पण इब्सेनचा. ‘इब्सेनाचा’ असं आपण म्हणत नाही. इब्सेनची ‘डॉल्स हाउस’ अनंत काणेकरांनी ‘घरकुल’ करून मराठीत आणली. नाटकातली माणसं मराठी झाली, लेखकाचं नाव तेवढं ताठ राहिलं. घरच्या नावांमध्येही पायऱ्या आहेत. रामायणातला तो ‘रामाने बाण मारला’, शेजारचा मुलगा असेल तर ‘रामने चेंडू मारला’. जुन्या, मुरलेल्या नावाला मराठी वाकवते आणि नव्याला जपून धरते.

अलीकडे वर्तमानपत्रांत ‘काळेंनी’, ‘शिंदेंनी’, ‘पाटीलांनी’ अशी रूपं दिसतात. नाव मोडू नये, चटकन ओळखू यावं, हा त्यामागचा हेतू मला कळतो. तरीही मनापासून सांगतो, ‘काळ्यांनी’ आणि ‘पाटलांनी’ ही रूपं आपण सोडू नयेत. त्यांत शेकडो वर्षांची घसट आहे. शब्द वाकतो तो त्या घसटीमुळे.

नाव वाकतं तिथे

या कसोटीवर हिंगोलीची दोन माणसं तपासून बघायची माझी इच्छा होती.

एक नानाजी देशमुख. चंडिकादास अमृतराव देशमुख, जन्म ११ ऑक्टोबर १९१६, गाव कडोळी. देशमुख म्हणजे परगण्याचा मुख्य अधिकारी. पद कधीच गेलं, आडनाव उरलं. ते उत्तरेत गेले, १९५० मध्ये गोरखपूरला पहिलं सरस्वती शिशु मंदिर उभं केलं, पुढे चित्रकूटच्या खेड्यांमध्ये काम केलं आणि २०१० मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला. २०१९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं. मराठीत ‘देशमुखांनी’, हिंदीत ‘देशमुख ने’. हिंदीत ‘ने’ शेजारी उभा राहतो, नावाला स्पर्शही करत नाही. पण नानाजी या शब्दाने वेगळीच किमया केली. आपल्याकडे नाना म्हणजे घरातला, गावातला वडीलधारा. हिंदीत नानाजी म्हणजे आईचे वडील. चित्रकूटच्या खेड्यातलं पोर ‘नानाजी’ म्हणायचं तेव्हा एकही अक्षर न बदलता मराठी संबोधनाचं हिंदी आजोळ व्हायचं. असं भाषांतर कुणाला ठरवून करता येणार नाही.

दुसरे संत नामदेव. परंपरा त्यांचा जन्म १२७० मध्ये कयाधूकाठच्या नर्सी बामणी इथला मानते. नामदेव उत्तरेत गेले. पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातलं घुमान हे त्यांच्या नावाने ओळखलं जातं आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. मराठीत ते स्वतःला नामा म्हणतात आणि जनाबाई ‘नामयाची दासी’ म्हणून ओळखली जाते. नामा, पण नामयाची. सामान्यरूप झालं, नाव वाकलं. आणि पंजाबात? तिथेही नामा वाक्यात शिरला की ‘नामे’ होतो. घोडा या शब्दाचं पुढे प्रत्यय आल्यावर पंजाबीत ‘घोडे’ होतं, अगदी तसं. पंजाबीने या मराठी माणसाला ताठ पाहुणा म्हणून ओसरीवर बसवलं नाही. घोडा, मुलगा अशा रोजच्या शब्दांना लावते तोच नियम तिने त्याला लावला. सातशे वर्षांपूर्वी हिंगोलीकडून निघालेलं एक नाव दूरच्या एका भाषेच्या व्याकरणात असं मुरून बसलं. २०१५ मध्ये त्याच घुमानला ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते सदानंद मोरे, ज्यांचं आडनाव इंग्रजीत ‘अधिक’ वाचलं जाऊ शकतं आणि मराठीत पापणीचा ‘ऱ्या’ मागतं.

आणि आता ते गाव, जिथे मी परत येणार होतो. माणसं गावाची नावं लावतात, गोरेगावकर, आष्टीकर, मंगेशकर, हामसुन. नर्सीने मात्र उलटं केलं. जुनं नर्सी बामणी मागे पडलं आणि गावाच्या पाटीवर आज आडनाव लावल्यासारखं दोन शब्दांत लिहिलेलं असतं, नर्सी नामदेव. पुढच्या वेळी त्या बाजूने जाल तेव्हा तिथल्या एखाद्या आजोबांना गावाचा पत्ता विचारून बघा. ते म्हणतील, “नर्सी नामदेवला जायचंय ना? सरळ जा.” त्या एका वाक्यात गाव माणसाचं नाव घेऊन उभं असेल आणि ‘ला’ हा प्रत्यय गावाला लागेल की नामदेवांना, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.